माप बदललं की स्केच पॅटर्नमधले होल का पळतात, आणि ते कायमचं कसं थांबवायचं

"ताई, मी काहीच नाही केलं, फक्त प्लेटची लांबी १२०० ची १३५० केली." वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या डिझाइन ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फाइल उघडायच्या आधीच कळतं स्क्रीनवर काय असणार. प्लेट लांब झालेली, बारा होल आपल्या जुन्याच जागी बसलेले, डावीकडे कड ५० मिमीवर आणि उजवीकडे शेवटच्या होलपासून कड थेट २०० मिमी लांब. हा झाला साधा प्रकार. कधी अर्धे होल काळे आणि अर्धे निळे असतात, कधी अख्खं स्केच (थ्रीडी मॉडेलच्या पायाची सपाट आकृती) लाल-पिवळं होतं, कधी गोल पॅटर्न प्लेटचं सेंटर सोडून भलतीकडेच जाऊन बसतो, आणि कधी काहीच तुटत नाही पण स्केच उघडलं की माउस चिकटल्यासारखा होतो आणि एक डायमेन्शन बदलायला चहा पिऊन यावं एवढा वेळ लागतो.

पाच वेगळ्या तक्रारी वाटतात ना, पण माझ्या मते मूळ एकच आहे. आपण स्केचमधल्या पॅटर्नला, म्हणजे एका होलवरून ठरावीक अंतराने काढलेल्या मांडणीला, "नियम" समजतो, आणि तो असतो नकलांचा ढीग, ज्यात प्रत्येक नक्कल स्वतंत्र भूमिती म्हणून स्केचमध्ये बसलेली असते. बांधली असेल तर बांधलेली, नाहीतर मोकळी. हे एकदा डोक्यात बसलं की खालचं सगळं सोपं आहे. मी जास्त करून सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरच्या भाषेत लिहितेय कारण रोजचं काम त्यात आहे, बाकीच्यांचं शेवटी थोडं सांगते.

आधी हे माझ्याच कामात कसं घडलं ते सांगते, कारण त्या दिवसापासून मी या गोष्टीच्या मागे लागले. हीट एक्स्चेंजरचा जॉब होता, १९.०५ मिमीच्या ट्यूब, २५.४ चा ट्रँग्युलर पिच (शेजारच्या दोन होलच्या सेंटरमधलं अंतर), ट्यूबशीटवर, म्हणजे ट्यूबची टोकं धरणाऱ्या प्लेटवर, चारशेच्या वर होल. ट्यूबशीटचं मॉडेल नीट होतं. बॅफलचं, म्हणजे मधे ट्यूबना आधार देणाऱ्या प्लेटचं, मात्र मी घाईत वेगळं स्केच केलं, एक सर्कल काढून सगळा लेआउट स्केचमध्येच पॅटर्न केला, पिच बरोबर दिला, कट मारला, झालं. पॅटर्न प्लेटच्या सेंटरला बांधला नव्हता, निळा होता, आणि निळा आहे हे मला दिसत होतं, पण माप बरोबर आहे म्हणून सोडून दिलं. मग कधीतरी, कुणाच्या हातून ते आजही माहीत नाही, स्केच उघडं असताना माउसने एक सर्कल ओढलं गेलं आणि अख्खा पॅटर्न जेमतेम दीड मिमी बाजूला सरकला. पिच सगळीकडे २५.४ च, होलचा डाया बरोबर, ड्रॉइंगवर पिचचं माप बरोबर. चेक करणाऱ्यानेही पिच बघितला आणि सही केली. सेंटरपासून पहिल्या होलचं माप ड्रॉइंगवर नव्हतंच.

बॅफल आमच्याकडे एकावर एक रचून टॅक करून एकदम ड्रिल करतात, त्यामुळे चूक झाली तर एका प्लेटवर थांबत नाही. आणि सगळे बॅफल एकाच ड्रॉइंगचे, फिट करताना एक सोडून एक १८० अंश फिरवलेले, म्हणजे एकाचा दीड मिमी डावीकडे तर पुढच्याचा दीड मिमी उजवीकडे, दोघांत फरक तीन मिमीचा. लांब स्पॅनला टेमाच्या (हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या) नियमाने बॅफलचा होल ट्यूबपेक्षा १/६४ इंच म्हणजे फक्त ०.४ मिमी मोठा असतो. शॉप फ्लोअरवरून फोन आला, "बेन, आ ट्यूब नथी जती." मी खाली गेले तर फिटरभाई ट्यूब हातात धरून उभे, पहिल्या बॅफलमधून गेलेली, दुसऱ्याला अडलेली. सगळे बॅफल भंगारात गेले. शेठ रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता उपाय. पहिली तपासणी एक मिनिटाची आहे आणि ती प्रत्येक वेळी करायचीच. स्केच उघडा, पॅटर्नमधला मूळ होल नाही, मधलाच कुठलातरी एक नकलेचा होल पकडा आणि ओढून बघा. हलला तर पॅटर्न मोकळा आहे, विषय संपला, माप कितीही बरोबर दिसू दे. कसा हलतो तेही बघा, कारण त्यावरून कळतं काय बांधायचं राहिलंय. अख्खा पॅटर्न एकत्र सरकत असेल तर सीडची म्हणजे मूळ होलची जागा बांधलेली नाही. सीड जागेवर राहून बाकीची ओळ घड्याळाच्या काट्यासारखी फिरत असेल तर दिशा बांधलेली नाही. होल एकमेकांपासून लांब-जवळ होत असतील तर स्पेसिंगचं डायमेन्शन स्केचमध्ये आलेलंच नाही, पॅटर्न करताना फक्त बॉक्समध्ये आकडा टाकला होता आणि तो आकडा डायमेन्शन म्हणून टिकवायचा टिक काढलेला होता. आणि होल लहान-मोठा होत असेल तर डाया राहिलाय. रंगाचं म्हणाल तर सॉलिडवर्क्समध्ये निळं म्हणजे मोकळं, काळं म्हणजे बांधलेलं, लाल-पिवळं म्हणजे जास्त बांधलंय किंवा बंधनं एकमेकांशी भांडतायत. पण मी रंगावर सोडत नाही, ओढूनच बघते.

लिनियर पॅटर्नमध्ये दिशेचं सगळ्यात जास्त वेळा राहतं. बॉक्समध्ये कोन शून्य दिसतो म्हणून लोकांना वाटतं दिशा ठरली. ती त्या क्षणापुरती ठरली, बांधली नाही गेली. पॅटर्न करताना फिक्स एक्स अॅक्सिस डायरेक्शन नावाचा टिक आहे तो लावा, किंवा नंतर पॅटर्नने तयार केलेल्या कन्स्ट्रक्शन लाइनला हॉरिझॉन्टल द्या. दोन दिशांचा पॅटर्न असेल तर दोन अक्षांमधला कोनसुद्धा डायमेन्शन म्हणून घ्या, नाहीतर चौकोनी मांडणी हळूच तिरकी होते आणि दोन-चार अंशांचा तिरकेपणा डोळ्याला कळतही नाही.

सर्क्युलर पॅटर्नचा घोळ वेगळा. तो सेंटर म्हणून आपोआप ओरिजिन पकडतो. तुमच्या प्लेटचं सेंटर ओरिजिनवर असेल तर सगळं छान, तुम्हाला कधी कळणारच नाही की काही राहिलंय. पण प्लेटचा कोपरा ओरिजिनवर असेल तर रिंग भलतीकडे जाते, मग लोक एक्स आणि वायचे आकडे टाकून ती हाताने सेंटरला आणतात. आकडे टाकून आणलेली रिंग प्लेटचं माप बदललं की तिथेच राहते, प्लेट सरकते आणि रिंग नाही सरकत. आकडे नका टाकू. पॅटर्नचा सेंटर पॉइंट पकडा आणि प्लेटच्या सेंटरशी कोइन्सिडंट करा, म्हणजे त्याच जागी बांधा. शिवाय पीसीडीचं (सगळ्या होलच्या सेंटरमधून जाणाऱ्या सर्कलचा डाया) एक कन्स्ट्रक्शन सर्कल काढून सीड होलचं सेंटर त्याच्यावर बसवा, मग पीसीडी बदलला की रिंग आपोआप मोठी होते.

याच्यातच फ्लॅन्जचं एक सांगते कारण नवीन मुलं हमखास इथे चुकतात. फ्लॅन्जचे बोल्ट होल सेंटर लाइनवर येत नाहीत, सेंटर लाइनच्या दोन्ही बाजूंना सारखे येतात. ४ इंच, १५० क्लासचा फ्लॅन्ज घ्या, ८ होल, पीसीडी १९०.५. पहिला होल सेंटर लाइनवर ठेवून आठचा पॅटर्न मारला तर आकृती एकदम बरोबर दिसते, मापं सगळी बरोबर, आणि साइटवर पाइपचा फ्लॅन्ज जुळत नाही कारण सगळं २२.५ अंश फिरलेलं असतं. सीड होल १८० भागिले होलची संख्या एवढ्या कोनावर ठेवायचा. आणि तो २२.५ आकडा म्हणून नका टाकू, संख्येवरून निघेल असं समीकरण टाका, म्हणजे उद्या ८ चे १२ झाले तर कोन आपोआप १५ होईल. त्यासाठी पॅटर्न करताना डिस्प्ले इन्स्टन्स काउंटचा टिक लावलेला पाहिजे, तेव्हाच संख्या डायमेन्शनसारखी दिसते आणि तिला समीकरणात घेता येतं.

गोल पॅटर्नमध्ये दुसरा एक लपलेला त्रास असतो, एकावर एक बसलेले होल. इक्वल स्पेसिंग काढून टाकून कोणी ६० अंशांचा गॅप आणि ७ नग टाकले तर सातवा होल बरोबर पहिल्यावर जाऊन बसतो. स्क्रीनवर सहाच दिसतात. थ्रीडी कटमध्ये कधी एरर येतो, कधी येत नाही, पण तीच फाइल डीएक्सएफ (सपाट ड्रॉइंगची फाइल) करून लेझर कटिंगला दिली तर मशीन त्या होलभोवती दोनदा फिरू शकतं, आणि दुसऱ्या फेरीत सुटलेला तुकडा वाकडा होऊन नोझलला लागायची भीती असते. लेझरला द्यायच्या आधी ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल कमांड चालवायची सवय लावा, एकावर एक असलेली सगळी भूमिती ती काढून टाकते. किती काढल्या तो आकडाही सांगते, आणि तो आकडा शून्य नसेल तर मी मूळ फाइल परत उघडून बघते की आल्या कुठून.

आता परत त्या १२०० च्या १३५० वर येते. ५० मिमी कड सोडून १२ होल, म्हणजे मधले गॅप ११, आणि ११०० भागिले ११ म्हणजे १०० चा पिच. प्लेट १३५० झाली तर मधली जागा १२५० होते, तिला १०० ने भाग जात नाही. सॉफ्टवेअरला हे कसं कळणार की तुम्हाला काय हवंय? पिच १०० च ठेवून कड बदलायची, का कड ५० ठेवून १४ होल करून पिच ९६.१५ करायचा, का १२ च होल ठेवून पिच ११३.६४ करायचा? हा निर्णय डिझाइन करणाऱ्याचा आहे, आणि तो पॅटर्न करायच्या आधीच घ्यायला लागतो. बहुतेक वेळा पॅटर्न "तुटला" म्हणतात तेव्हा तो तुटलेला नसतो, आपण त्याला सांगितलंच नव्हतं की यातलं काय स्थिर आणि काय बदलणारं. आणि होल १२ म्हणून १२ ने भागणारे लोक मी दहा वर्षांच्या अनुभवाचेही बघितलेत, तेव्हा तेवढं एकदा कागदावर करूनच बघा.

स्लो होण्याचं कारण गणिताचं आहे. कागदावरच्या एका सर्कलला तीन गोष्टी ठरवायला लागतात, सेंटरचा एक्स, वाय आणि रेडियस. माझ्या त्या बॅफलमध्ये समजा ४१२ होल, म्हणजे १२३६ अज्ञात, आणि त्यांना बांधणारी तेवढीच बंधनं. स्केचचा सॉल्व्हर हे सगळं एकमेकांत गुंतलेलं गणित म्हणून सोडवायला बसतो, आणि तुम्ही एक डायमेन्शन हलवलं की परत बसतो. रॅम वाढवून याच्यात फारसा फरक पडत नाही, आमच्याकडे तो प्रयोग झालाय, पैसे गेले आणि स्केच तेवढंच स्लो राहिलं. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँडने स्केचपॅड केलं त्यात दोन्ही गोष्टी होत्या, रेषांवर बंधनं घालणं पण आणि एक मास्टर चित्र काढून त्याच्या हव्या तेवढ्या नकला ठेवणं पण, मास्टर बदलला की सगळ्या नकला बदलायच्या. आजच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मास्टर आणि नकला हे काम फीचर पॅटर्न, म्हणजे स्केचच्या बाहेर तयार कटचाच केलेला पॅटर्न, करतो, आणि बंधनांचं काम स्केच करतं. आपण बंधनांच्या जागी नकलांचं काम करायला बसतो आणि मग अडकतो.

म्हणून माझा ठाम सल्ला, आणि आमच्या ऑफिसात आता हा नियमच आहे: स्केचमध्ये एकच होल. त्याला दोन मापांनी आणि डायाने पूर्ण बांधा, कट मारा, आणि पॅटर्न बाहेर येऊन फीचरचा करा. स्केच तीन अज्ञातांचं राहतं, एका क्षणात सुटतं. पॅटर्न हलवता येत नाही, कारण ओढायला काही उघडंच नसतं. रिबिल्डला जड वाटला तर काम चालू असताना पॅटर्न सप्रेस, म्हणजे तात्पुरता बंद, करून ठेवा, शेवटी चालू करा, स्केचमधल्या नकलांना ही सोय नाही.

त्यातही लिनियर फीचर पॅटर्नमध्ये अप टू रेफरन्स म्हणून पर्याय आहे तो लोक वापरतच नाहीत. शेवटची कड निवडा, तिच्यापासून ऑफसेट ५० द्या, आणि मग पिच स्थिर ठेवायचा का नगांची संख्या ते सांगा. १२०० ची १३५० करा, १५०० करा, पॅटर्न कडेपर्यंत स्वतः जातो. दिशा देताना मात्र प्लेटची कड निवडू नका, कोणीतरी उद्या त्या कडेला फिलेट (गोलाई) मारतं आणि दिशाच नाहीशी होते. प्लेन किंवा अक्ष द्या, ते कुठे जात नाहीत.

ट्यूबशीटसारख्या ट्रँग्युलर मांडणीला आम्ही आधी ओळींचं अंतर काढायचो, पिच गुणिले साइन ६०, म्हणजे २५.४ ला २१.९९७०५, आणि मग कोणी २१.९९७ टाकायचं, कोणी २२ टाकायचं. एका ओळीला फरक ०.००३ मिमी, काही वाटत नाही, पण ४० ओळींवर तो ०.१२ मिमी होतो आणि ०.४ च्या क्लिअरन्समधला जवळजवळ एक तृतीयांश तिथेच खाल्ला जातो. त्यापेक्षा दुसरी दिशाच पहिलीशी ६० अंशांवर द्या आणि दोन्हीकडे पिच २५.४ ठेवा. ओळींचं अंतर काढायची गरजच उरत नाही, राउंडिंगचा प्रश्न मुळापासून गेला. तोटा एवढाच की मांडणी तिरक्या समांतरभुज चौकोनाची होते आणि गोल प्लेटच्या बाहेरचे बरेच होल स्किप करायला लागतात. हे स्किप नंबरवर चालतं हे लक्षात ठेवा, म्हणजे तिसऱ्या ओळीतला सातवा वगैरे. नंतर नग वाढवले तर जुने स्किप तसेच राहतात पण नवीन आलेले होल प्लेटच्या बाहेर उभे राहतात, ते परत निवडायला लागतात.

ते नको असेल तर फिल पॅटर्न. ओटीएल म्हणजे सगळ्यात बाहेरच्या ट्यूबच्या हद्दीचं सर्कल सीमा म्हणून द्या, परफोरेशनचा लेआउट, स्टॅगर अँगल ६०, पिच २५.४, आणि तो सर्कलमध्ये बसतील तेवढे होल स्वतः भरतो. सर्कल लहान-मोठं केलं की संख्या बदलते. जाळीच्या प्लेटला, गार्डला, स्पीकरच्या ग्रिलला हे एकदम बेस्ट आहे. एक्स्चेंजरला मी ते पहिल्या अंदाजाला वापरते, पण पास पार्टिशनची गल्ली आणि टाय रॉडच्या जागा, जिथे ट्यूब नसतात, त्याला कळत नाहीत, त्या हाताने स्किप कराव्या लागतात आणि शेवटची ट्यूबची संख्या प्रोसेसवाल्यांच्या डेटाशीटशी मोजून जुळवावीच लागते.

मांडणीला नियमच नसेल, नोझलच्या पॅडवर कुठेही पाच-सहा होल असतील, तर स्केच ड्रिव्हन पॅटर्न. एका स्केचमध्ये फक्त पॉइंट ठेवा, सर्कल नाही, आणि होल त्या पॉइंटवर जातात. क्लायंटने को-ऑर्डिनेट्सचा तक्ता पाठवला असेल तर टेबल ड्रिव्हन, तक्ता आहे तसा घेता येतो आणि टायपिंगची चूक वाचते.

फीचर पॅटर्नचा अजून एक मोठा फायदा असेम्ब्लीत कळतो. एक बोल्ट पहिल्या होलमध्ये बसवा आणि पॅटर्न ड्रिव्हन कंपोनंट पॅटर्नने बाकीचे सगळे बोल्ट त्या होलच्या पॅटर्नमागे जातात, ८ चे १२ झाले तर बोल्टही १२. होल स्केच पॅटर्नचे असतील तर असेम्ब्लीला तिथे पॅटर्न दिसतच नाही, एकच कट दिसतो, आणि मग माणसं बसून एकेक बोल्ट हाताने मेट करतात, म्हणजे होलशी जोडतात. आमच्या इथे एका मुलीने ९६ बोल्ट असे मेट केले होते आणि दुसऱ्या दिवशी पीसीडी बदलला.

मग स्केच पॅटर्न कधीच वापरायचा नाही का? वापरायचा की. पॉइंटचा लेआउट करताना वापरा. शीटमेटलची एखादी पट्टी, जिला फक्त डीएक्सएफ म्हणून लेझरला द्यायचंय आणि जी परत कधी बदलणार नाही, तिथे वापरा. आठ-दहा नगांपर्यंत, चारी बाजूंनी बांधून, खुशाल वापरा. पण एक सांभाळा, पॅटर्न झाल्यावर त्यातल्या एखाद्या नकलेला ट्रिम किंवा फिलेट मारलात तर ती नक्कल पॅटर्नमधून सुटते आणि पुढच्या बदलाला मागे राहते. आणि सीडच्या शेजारी नंतर एखादी रेष वाढवलीत तर ती आपोआप पॅटर्नमध्ये जात नाही, राइट क्लिक करून एडिट लिनियर पॅटर्नमध्ये जाऊन ती निवडावी लागते. डिलीट करून परत पॅटर्न मारू नका, त्या स्केचला लटकलेले पुढचे सगळे फीचर ओरडायला लागतात.

फ्यूजन हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: तिथे रेक्टँग्युलर पॅटर्नमध्ये एक्स्टेंट आणि स्पेसिंग असे दोन प्रकार असतात. एक्स्टेंट म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं एकूण अंतर. पिच समजून त्यात १०० टाकलात तर बारा होल १०० मिमीत गर्दी करून बसतात, आणि नंतर संख्या वाढवली की पिच कमी होतो. "माझा पिच आपोआप बदलतो" या तक्रारीत आधी हेच बघा. स्केचमधला पॅटर्न बदलायला त्याच्या छोट्या चिन्हावर डबल क्लिक करायचं. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं, आणि तिथेही पार्ट डिझाइनमधला लिनियर किंवा पोलर पॅटर्नच वापरा, दोन्ही एकत्र हवे असतील तर मल्टीट्रान्सफॉर्म. घरी सराव करायला पैसे नसतील तर फ्रीकॅड फुकट आहे, मी दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या डिप्लोमाच्या मुलीला तेच लावून दिलंय आणि तिचे हे सगळे प्रयोग त्यात झालेत. ऑटोकॅडमध्ये २०१२ पासून अॅरे असोसिएटिव्ह असतो, म्हणजे संख्या आणि अंतर नंतर बदलता येतं, पण एक्स्प्लोड केलात की ते नातं गेलं, तेव्हा घाईत एक्स्प्लोड नका करू.

राहिल्या जुन्या फाइली, ज्यात चारशे होलचा स्केच पॅटर्न आधीच बसलाय आणि वर डझनभर फीचर लटकलेत. नवीन मॉडेल करायची गरज नाही. आधी फाइलची कॉपी ठेवा. मग स्केचमध्ये पॅटर्नचे नकलेचे सगळे होल निवडून काढून टाका, सीड ठेवा, कारण पुढचं काही ना काही सीडच्या कडेला धरून असतं आणि सीड राहिला तर त्यातलं बरंचसं जिवंत राहतं. सीडला सेंटरपासून दोन मापं द्या. बाहेर येऊन ट्रीमध्ये (फीचरच्या यादीत) त्या कटच्या लगेच खाली फीचर पॅटर्न घाला, म्हणजे रोलबॅक बार वर घेऊन, सगळ्यात शेवटी नाही. मग बार खाली आणा आणि जे लाल होईल ते एकेक करून सीडला किंवा प्लेनला परत जोडा. साधारण तासाभराचं काम आहे.

आणि ड्रॉइंग सोडायच्या आधी मापं ताणून बघा. लांबी दुप्पट करा, अर्धी करा, संख्या ४ करा, परत मूळ आकड्यावर आणा. प्रत्येक वेळी होल कडेपासून किती आहेत ते मेझर करा, पिच नाही, कड आणि सेंटर. पिच बरोबर असणं म्हणजे काहीच नाही हे मी त्या बॅफलमध्ये शिकले. आता आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर सेंटर लाइनपासून पहिल्या होलचं माप असतं, ते नसेल तर मी सही करत नाही.

बॅफलची ती फाइल मी त्याच रात्री बसून अशीच बदलली. लेआउटचं एकच स्केच वेगळ्या पार्टमध्ये ठेवलं आणि ट्यूबशीट आणि बॅफल दोघांचे पॅटर्न त्याच्यावरून घेतले, म्हणजे दोन वेगळे लेआउट उरलेच नाहीत. नवीन प्लेट ड्रिल होऊन आल्यावर मी स्वतः खाली जाऊन उभी राहिले. फिटरभाईंनी ट्यूब लावली, हाताने ढकलली, आणि ती शेवटच्या बॅफलमधून बाहेर आली.